एक पिकअप, एक ट्रेलर आणि परक्याची मोटार

श्रोतेहो, स्वतःचा धंदा असावा, कोणाची ताबेदारी नसावी, आपल्या श्रमाचे मोल आपल्याच पदरात पडावे, ही इच्छा माणसाच्या मनात फार जुनी आहे. ती पुरी करण्याचे मार्ग मात्र काळाप्रमाणे आणि देशाप्रमाणे बदलत असतात. आपल्याकडे एखादा तरुण टेम्पो घेतो, एखादा रिक्षा घेतो, एखादा जुना ट्रक हप्त्याने सोडवतो. अमेरिकेत अशाच वृत्तीच्या माणसाने शोधून काढलेला एक धंदा आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे. एक दणकट पिकअप गाडी घ्यावयाची, तिच्यामागे दोनतीन मोटारी मावतील असा लांब ट्रेलर जोडावयाचा, आणि लोकांच्या मोटारी एका गावाहून दुसऱ्या गावी, बहुधा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात, नेऊन पोचवावयाच्या. भांडवल तुलनेने थोडे, नोकर एकही नाही, कचेरी म्हणजे गाडीतील पुढची बैठक आणि खिशातील फोन.

हा विषय परदेशचा असला तरी आपल्याला परका नाही. एका वाहनाच्या बळावर उभा राहिलेला मालक-चालक हा आपल्याही वाहतुकीच्या धंद्याचा कणा आहे. तो कोठे तरतो आणि कोठे बुडतो, याची कारणे अमेरिकेतल्या हमरस्त्यावर आणि आपल्या महामार्गावर फारशी निराळी नाहीत. म्हणून या छोट्या धंद्याचे अंतरंग जरा बारकाईने पाहू.

पहिला प्रश्न साहजिकच असा पडतो की, जी वस्तू स्वतःच्या चाकांवर धावण्यासाठी जन्मली, ती दुसऱ्या वाहनाच्या पाठीवर बसवून नेण्याचे कारण काय? हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरी अलेक्झांडर विंटन नावाचे कारखानदार १८९० च्या दशकाच्या अखेरीस मोटारी बनवून विकू लागले, तेव्हा दूरच्या गिऱ्हाइकाकडे गाडी चालवीत नेली तर ती नवी राहत नाही, ही अडचण त्यांच्यापुढे उभी राहिली. मोटारच मोटारीला वाहून नेईल अशी जोडगाडी त्यांनी बनवली. पुढे १९१४ साली डेट्रॉइटमधील ऑगस्ट फ्रुहॉफ या लोहाराकडे एक व्यापारी आपली होडी नेण्याची सोय करून मागण्यास आला. फ्रुहॉफ यांनी फोर्ड कंपनीच्या लहान मोटारीमागे जोडता येईल असा ट्रेलर करून दिला. आपण ज्या धंद्याविषयी बोलत आहोत त्याचे बीज या होडीच्या ट्रेलरात आहे असे म्हणावयास हरकत नाही. लहान गाडी स्वतःच्या पाठीवर जेवढे वाहू शकते त्यापेक्षा पुष्कळ अधिक ती मागे ओढू शकते, हे एकच तत्त्व दोन्हींच्या मुळाशी आहे.

आज कारखान्यातून निघालेल्या नव्या मोटारींचा मोठा ओघ आगगाडीने आणि आठनऊ मोटारी एका वेळी नेणाऱ्या प्रचंड ट्रकांनी वाहतो. त्या प्रवाहात लहान माणसाला शिरकाव नाही. त्याचे काम निराळे आहे. अमेरिकेत जुन्या मोटारींचे मोठमोठे लिलाव चालतात. पेनसिल्व्हेनियातील मॅनहाइम या गावी १९४५ साली सुरू झालेला लिलाव त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. लिलावात गाडी घेणारा विक्रेता पाचशे मैलांवरचा असतो. कोणी दुसऱ्या राज्यातील गाडी फोनवर पाहूनच विकत घेतो. कोणाची बदली होते. कोणी निवृत्त दांपत्य हिवाळा सुरू होताच थंडीला कंटाळून उत्तरेकडून फ्लॉरिडाला जाते आणि वसंतात परत येते, व दोन्ही वेळा त्यांची मोटार त्यांच्यामागून यावी लागते. कोणाची गाडी बंद पडलेली असते, ती मुळी चालतच नाही. अशा एकट्यादुकट्या मोटारींसाठी तो प्रचंड ट्रक वाट वाकडी करीत नाही, आणि केलीच तर अरुंद गल्लीत वळत नाही. मोठ्यांच्या बोटांमधून जे निसटते, ते वेचून घेणे हाच या लहान धंद्याचा आधार.

परंतु केवळ काम आहे म्हणून कोणालाही ते करता येते, असे नेहमीच नव्हते. १९३५ साली अमेरिकेने मोटर कॅरिअर कायदा केला आणि आंतरराज्य मालवाहतूक एका आयोगाच्या हाती सोपवली. नवा वाहतूकदार परवाना मागू लागला की, आपल्या सेवेची लोकांना गरज आहे हे त्याने सिद्ध करावे लागे, आणि जे आधीच त्या वाटेवर धंदा करीत होते ते हरकत घेऊ शकत. आत बसलेल्यांनीच दार उघडावे की नाही ते सांगावयाचे, असा तो प्रकार. मग दार क्वचितच उघडे, यात नवल नाही. १ जुलै १९८० रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि ही तटबंदी बरीचशी ढासळली. योग्यता आणि विमा असलेल्या माणसाला नाकारावयाचे असेल तर ते का, हे हरकत घेणाऱ्याने दाखवावे, असा उलटा न्याय आला. १९९५ च्या अखेरीस तो जुना आयोगही बरखास्त झाला, आणि वाहतूकदारांच्या सुरक्षिततेवर देखरेख करणारी नवी केंद्रीय यंत्रणा २००० सालापासून काम करू लागली. एका पिकअपचा मालक आज वाहतूकदार म्हणवून घेऊ शकतो, याचे श्रेय या बदलाला आहे.

दार उघडले, तरी उंबरठा राहिलाच. राज्याची सीमा ओलांडून भाड्याने मोटारी नेणाऱ्याला केंद्रीय वाहतूक खात्याकडे नोंद करून क्रमांक घ्यावा लागतो, आणि तीनशे डॉलर भरून परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. ज्या ज्या राज्यात तो जाणार, तेथे त्याच्या वतीने न्यायालयाची नोटीस स्वीकारणारा प्रतिनिधी नेमावा लागतो. दरवर्षी नोंदणीचे निराळे शुल्क भरावे लागते. परवाना मिळाल्यावरही पहिले अठरा महिने तो उमेदवारच मानला जातो, आणि पहिल्या वर्षाच्या आतच त्याच्या दप्तराची तपासणी होते. कागद नीट ठेवले नाहीत तर गाडी कितीही चांगली चालवली तरी परवाना जाऊ शकतो.

या सगळ्यांत जड जातो तो विमा. गाडी व ट्रेलर यांचे मिळून प्रमाणित वजन १०,००० पौंडांच्या वर गेले की, दुसऱ्याच्या जीविताची व मालमत्तेची हानी भरून देण्यासाठी किमान साडेसात लाख डॉलरचा विमा कायद्याने सक्तीचा आहे. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. हा विमा रस्त्यावरील तिऱ्हाइतासाठी आहे, ट्रेलरवरच्या मोटारीसाठी नव्हे. त्या मोटारीसाठी मालाचा वेगळा विमा लागतो. सामान्य मालाच्या बाबतीत तो काढण्याची केंद्रीय सक्ती २०११ साली उठली खरी, परंतु त्यावाचून कोणताही शहाणा दलाल काम देत नाही. आणि सक्ती उठली म्हणून जबाबदारी उठली असे नाही. १९०६ साली रेल्वेसाठी केलेली आणि पुढे मोटार-वाहतुकीलाही लागू झालेली कारमॅक दुरुस्ती असे सांगते की, माल चांगल्या स्थितीत ताब्यात घेतला व बिघडलेल्या स्थितीत पोचवला, तर वाहतूकदार जबाबदार. त्याचा हलगर्जीपणा सिद्ध करण्याची गरज नाही. दैवी आपत्ती किंवा मालाचाच अंगभूत दोष अशी मोजकी कारणेच त्याला सोडवू शकतात. विमा नसेल तर ही भरपाई घरादारातून निघते.

आता या धंद्याच्या गाभ्याकडे, म्हणजे वजनाकडे, वळू. अमेरिकन कायद्यात २६,००० पौंड, म्हणजे सुमारे ११,८०० किलो, ही एक मोठी रेषा आहे. पिकअप आणि ट्रेलर यांची कारखान्याने ठरवून दिलेली कमाल वजने मिळवली, बेरीज या रेषेच्या वर गेली, आणि ट्रेलरचे स्वतःचे प्रमाणित वजन १०,००० पौंडांहून अधिक असले, की व्यापारी चालकाचा वरच्या वर्गाचा परवाना लागतो. त्यासाठी ७ फेब्रुवारी २०२२ पासून मान्य संस्थेतील शिक्षणही सक्तीचे झाले आहे. इंधनकराचा राज्यवार हिशेबही या रेषेपलीकडेच सुरू होतो. म्हणून नवशिक्याचा सारा प्रयत्न रेषेच्या अलीकडे राहण्याचा असतो. मागे चार चाके असलेल्या मोठ्या पिकअपचे कमाल वजन पुष्कळदा १४,००० पौंड असते. मग ट्रेलर १२,००० पौंडांचा घ्यावयाचा, की बेरीज बरोबर २६,००० होते. साधा चालक-परवाना पुरतो, वैद्यकीय दाखला तेवढा जवळ ठेवावा लागतो.

येथपर्यंत हिशेब मोठा गोड वाटतो. पुढची वजाबाकी पुष्कळजण करीत नाहीत. १२,००० हा ट्रेलरचा भरलेला आकडा आहे. तीन मोटारी मावतील एवढा लांब ट्रेलर रिकामाच पाच हजार पौंडांच्या आसपास भरू शकतो. उरले सात हजार. टोयोटा कोरोलासारखी लहान मोटार सुमारे तीन हजार पौंडांची. म्हणजे दोन चढल्या की सहा हजार झाले, तिसरीला जागा आहे पण वजन नाही. आणि मोटारींऐवजी एखादी मोठी पिकअपच न्यावयाची असली, तर एकीनेच पाच हजार पौंड खाल्ले. विजेवर चालणाऱ्या गाड्या तर बॅटरीमुळे आकाराच्या मानाने फार जड असतात. ट्रेलरवरची मोकळी जागा डोळ्यांना दिसते, वजन दिसत नाही. तिसरी मोटार चढवली तर तेवढ्याच डिझेलमध्ये निम्म्याने अधिक भाडे मिळते, हा मोह अशा वेळी होतो. पण कायदा केवळ पाटीवरचा आकडा पाहत नाही, प्रत्यक्ष वजन जास्त भरले तर तेच धरतो. आणि कायद्याच्या डोळ्यांतून सुटले, तरी टायर, आस आणि ब्रेक यांच्या हिशेबातून कोणी सुटत नाही. घाटाच्या उतारावर ब्रेक तापून निकामी होतात, तेव्हा ती तिसरी मोटार आपले भाडे वसूल करून घेते.

वजन किती, याइतकेच ते कोठे, याला महत्त्व आहे. ट्रेलर ज्या ठिकाणी गाडीला जोडलेला असतो तेथे पुरेसा भार पडला नाही, म्हणजे मोटारी फार मागे बसवल्या, तर वेग वाढताच ट्रेलर शेपटासारखा हेलकावे घेऊ लागतो आणि पुढची गाडीही आपल्या बरोबर ओढतो. मागच्या बंपरखाली जोडलेल्या ट्रेलरच्या बाबतीत एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार जोडावर असावा असे मानतात. हंसाच्या मानेसारखा वाकून पिकअपच्या हौद्यातच, मागच्या आसाच्या जरा पुढे, टेकणारा ट्रेलर असतो त्याला गूजनेक म्हणतात. त्यात याहून अधिक भार गाडी सहज पेलते, म्हणून लांबच्या धंद्यासाठी तोच पसंत केला जातो. इंजिन ज्या बाजूस ती बाजू जड, हे ओळखून कोणती मोटार तोंड पुढे करून चढवावयाची व कोणती पाठमोरी, हे ठरवावे लागते. हे शास्त्र पुस्तकात थोडे आणि हातात जास्त असते.

मोटार चढवली म्हणजे ती बांधावयाची. नियम सांगतो की, प्रत्येक मोटार पुढून आणि मागून अशी किमान दोन ठिकाणी जखडलेली हवी, ती पुढे, मागे, बाजूला किंवा वर, कोणत्याही दिशेला हलता कामा नये. बांधणाऱ्या पट्ट्यांची वा साखळ्यांची एकूण ताकद मोटारीच्या वजनाच्या निम्म्याहून कमी असता कामा नये. सराईत माणूस चारही चाकांना चार पट्टे घालतो. चाकांना पट्टे घातले की मोटार स्वतःच्या स्प्रिंगांवर खालीवर होऊ शकते, पण जागा सोडत नाही, आणि तिच्या सांगाड्याला ओरखडा जात नाही. निघाल्यावर पहिल्या पन्नास मैलांच्या आत थांबून सर्व पट्टे पुन्हा तपासावयाचे आणि पुढे दर दीडशे मैलांनी किंवा तीन तासांनी, जे आधी येईल तेव्हा, पुन्हा तपासावयाचे, असा दंडक आहे. पहिल्या पन्नास मैलांतच का? कारण नवा भार रस्त्याच्या हिसक्यांनी बसका होतो आणि घट्ट ओढलेला पट्टा सैल पडतो. ज्याने हा नियम केला त्याने ट्रेलर हाकला असला पाहिजे.

चालकाच्या तासांनाही मर्यादा आहे. सलग दहा तास विश्रांती घेतल्यानंतर चौदा तासांच्या खिडकीत अकरा तासच गाडी चालवता येते. डिसेंबर २०१७ पासून ही नोंद बहुतेकांना वहीऐवजी गाडीच्या इंजिनाशी जोडलेल्या यंत्रावर ठेवावी लागते. पिकअप ही घरगुती दिसणारी गाडी असली, तरी भाड्याचा ट्रेलर तिच्यामागे लागला की कायद्याच्या दृष्टीने ती व्यापारी वाहन होते, आणि पुष्कळ राज्यांत तिला वजनकाट्यावर मोठ्या ट्रकांच्या ओळीत उभे राहावे लागते. आपण लहान आहोत म्हणून आपल्याला सूट आहे, हा समज या धंद्यात महागात पडतो.

आता पैशाकडे येऊ. पुढील आकडे बाजारभाव नव्हेत, ते केवळ हिशेबाची रीत दाखवण्यासाठी धरले आहेत. समजा, दोन मोटारी हजार मैलांवर पोचवावयाच्या आहेत आणि प्रत्येकीचा दर मैलाला पाऊण डॉलर आहे. भाडे झाले पंधराशे डॉलर. चार दिवसांत पंधराशे, म्हणजे महिन्याला किती, असा गुणाकार नवा माणूस ताबडतोब करू लागतो. त्याने आधी वजाबाकी करावी. गाडी जाऊन येऊन दोन हजार मैल चालली. गॅलनला दहा मैल धरले तर दोनशे गॅलन डिझेल लागले, आणि चार डॉलर भावाने आठशे डॉलर गेले. उरले सातशे. वर्षाचा विमा बारा हजार धरला आणि वर्षाला अठ्ठेचाळीस खेपा धरल्या, तर खेपेमागे अडीचशे. उरले साडेचारशे. टायर, तेल, ब्रेक, दुरुस्ती यांसाठी मैलाला दहा सेंट बाजूला काढले, तर दोनशे. उरले अडीचशे. यातून गाडीचा हप्ता, वाटेवरचे जेवण आणि मुक्काम, दलालाच्या पाट्या पाहण्याची वर्गणी, आणि निव्वळ उत्पन्नावर स्वयंरोजगार करणाऱ्याला द्यावा लागणारा १५.३ टक्के दराचा सामाजिक सुरक्षा कर. चालकाची मजुरी अजून कोठेच आलेली नाही! पंधराशे डॉलर मिळवून माणूस फुकट राबला, आणि त्याला ते कळलेही नाही, कारण खिशात रोकड खुळखुळत होती.

हाच माणूस परतीच्या वाटेवर अर्धा डॉलर दराने का होईना, दोन मोटारी घेऊन आला असता, तर हजार डॉलर वाढले असते. डिझेल थोडे जास्त गेले असते एवढेच. तात्पर्य, या धंद्यातील नफा जाण्यात नसून येण्यात आहे. रिकामी खेप ही मालवाहतुकीला लागलेली वाळवी आहे. म्हणून जाणता वाहतूकदार भाडे ठरवण्यापूर्वी दर पाहत नाही, गाव पाहतो. जेथून परतीचे काम मिळत नाही तेथे जाण्याचा दर कितीही चांगला असो, तो नाकारतो. काही काळाने तो दोनतीन ठराविक वाटाच धरतो, तेथील विक्रेते त्याला नावाने ओळखू लागतात आणि दलालावाचूनच काम देतात. तेव्हा धंदा रुजला असे समजावे.

दलालांविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. आरंभी काम मिळते ते बहुतेक त्यांच्याकडूनच. परवानाधारक दलालाला पंचाहत्तर हजार डॉलरची हमी ठेवावी लागते. १९८० नंतर बराच काळ ती अवघी दहा हजार होती, २०१३ साली ती वाढली. तरीही काम देणारा खरोखरच नोंदलेला दलाल आहे की त्याच्या नावावर कोणी तोतया बोलत आहे, याची खातरजमा केंद्रीय नोंदवहीत करून घ्यावी, कारण एकाने घेतलेले काम गुपचूप दुसऱ्याला विकून पैसे घेऊन नाहीसे होण्याचे प्रकार तेथे घडत असतात.

आणि शेवटचा कागद, तो सर्वांत साधा व सर्वांत महत्त्वाचा. आपण ज्याला बिल्टी म्हणतो ती. मोटार ताब्यात घेताना तिच्याभोवती फिरून प्रत्येक ओरखडा, प्रत्येक पोचा मालकादेखत नोंदावा, उजेडात छायाचित्रे घ्यावीत, मैलमापकाचा आकडा लिहावा आणि सही घ्यावी. पोचवताना पुन्हा तेच करावे. पाऊस पडत असो, रात्र असो, मालक घाईत असो, हे दहा मिनिटांचे काम टाळू नये. कारमॅक दुरुस्तीचा सारा भार या एका कागदावर तोललेला आहे. गाडी कोणत्या स्थितीत घेतली हे ज्याच्याजवळ लिहिलेले नाही, त्याला ती नव्यासारखीच होती असे मानावे लागते.

श्रोतेहो, यात आपल्यासाठी काय आहे? आपल्याकडे पिकअपमागे मोटारींचा ट्रेलर जोडण्याची चाल रुळलेली नाही. चाकण, मानेसर, श्रीपेरुंबुदूर येथून नव्या मोटारी मोठ्या बंदिस्त वाहनांतून जातात. पुण्याहून कोलकत्याला किंवा इंदूरहून बंगळूरला बदली झालेल्या माणसाची एकटी मोटारही बहुधा तशाच वाहनात जागा धरून जाते, आणि बंद पडलेली गाडी उचलण्यासाठी सपाट हौद्याचा छोटा ट्रक येतो. तथापि लहान वाहनाच्या मालकाला आपल्या कायद्यानेही जागा ठेवली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ज्या मालगाडीचे एकूण वजन ३,००० किलोंहून जास्त नाही तिला मालवाहतुकीचा परवाना घ्यावा लागत नाही. साडेसात हजार किलोंपर्यंतचे व्यापारी वाहन हलक्या वाहनाचा चालक-परवाना असलेला माणूस चालवू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निर्णायकपणे सांगितले. अमेरिकेतील २६,००० पौंडांची रेषा आणि आपली ही रेषा, दोन्हींचा हेतू एकच आहे. लहानाला मोकळीक द्यावी, पण धोका जेथे वाढतो तेथे कसोटीही वाढवावी.

एका बाबतीत मात्र आपला कायदा निराळा आहे, आणि ज्यांना आपली मोटार कोणाच्या स्वाधीन करावयाची असेल त्यांनी तो लक्षात ठेवावा. २००७ च्या रस्ता-वाहतूक कायद्याखाली २०११ साली जे नियम झाले, त्यांप्रमाणे पाठवणाऱ्याने मालाचे अधिक मूल्य लिहून दिले नसेल, तर नुकसानीबद्दल वाहतूकदाराची जबाबदारी सामान्यतः भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित राहते. दहा हजार रुपये भाडे देऊन आठ लाखांची मोटार पाठवणाऱ्याने बिल्टीवर मूल्य लिहिले नाही, तर त्याच्या हाती काय उरेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. अमेरिकेत जो कागद वाहतूकदाराला वाचवतो, तोच आपल्याकडे मालकाला वाचवतो.

मोठ्या कंपन्यांच्या युगात एका गाडीचा मालक टिकेल काय, अशी शंका वारंवार घेतली जाते. मोठ्यांशी त्यांच्याच मार्गाने स्पर्धा केली तर तो टिकणार नाही. दर पाडून, वजन वाढवून, झोप मोडून तो काही महिने पुढे दिसेल, पण मग एखादा फुटलेला टायर किंवा एखादा न काढलेला विमा त्याला आडवा येईल. त्याची खरी शक्ती निराळी आहे. जो मोटार चढवतो तोच ती हाकतो आणि तोच ती मालकाच्या दारात उतरवतो. जबाबदारी हातोहात फिरत नाही, ती एकाच हातात राहते. कित्येक कुटुंबांत घराखालोखाल मोठी खरेदी मोटारीचीच असते, आणि ती अनोळखी माणसाच्या ट्रेलरवर चढताना पाहणाऱ्याच्या मनात जी धाकधूक असते ती कमी करणे, हेच या धंद्यातले विकण्याजोगे कसब आहे.

म्हणून असा धंदा करू पाहणाऱ्याला, मग तो टेक्सासमध्ये असो की तळेगावात, एवढेच सांगावेसे वाटते. गाडी घेण्यापूर्वी वजनाचा हिशेब मांडा. खेप घेण्यापूर्वी परतीचा हिशेब मांडा. सहा महिने विमा आणि हप्ते भरता येतील एवढी गंगाजळी हाताशी ठेवा. मोकळी जागा दिसली म्हणून भरू नका, आणि कागद लिहिल्यावाचून किल्ली हातात घेऊ नका. हे सारे सांभाळूनही कोणी श्रीमंत होईलच असे नाही. परंतु स्वतःच्या गाडीत बसून, स्वतः ठरवलेल्या वाटेने, दुसऱ्याची ठेव सुखरूप पोचवून, हिशेबाच्या वहीत खरोखर उरलेली रक्कम लिहिण्याचे समाधान त्याला नक्कीच मिळेल. स्वतंत्र धंदा ज्याला म्हणावयाचा तो याहून फार मोठा असावाच लागतो असे नाही.